पाच महिन्यांची उसनी गाणी: १९७० च्या ऑस्ट्रेलियन रेडिओबंदीचं प्रकरण

१९७० सालच्या ऑस्ट्रेलियन पॉप रेकॉर्डांची यादी महिन्यांप्रमाणे लावली, की मे ते ऑक्टोबर या काळातली एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. गाणं ब्रिटनमध्ये नुकतंच गाजलेलं, आणि लेबलवर नाव मात्र मेलबर्नच्या नाहीतर सिडनीच्या कलाकाराचं. 'यलो रिव्हर' हे ख्रिस्टी या ब्रिटिश गटाचं गाणं त्या उन्हाळ्यात तिकडे पहिल्या क्रमांकावर होतं. ऑस्ट्रेलियात ते सिडनीच्या ऑटमनं केलं, आणि मेलबर्नच्या जिगसॉनंही केलं. 'इन द समरटाइम' मूळ मंगो जेरी या ब्रिटिश गटाचं, ऑस्ट्रेलियात ते मेलबर्नच्या मिक्श्चर्स गटाचं. मेरी हॉपकिननं त्या वर्षी युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत गायलेलं 'नॉक, नॉक हूज देअर?' ऑस्ट्रेलियात गायिका लिव्ह मेसेनच्या आवाजात. यातली गाणी नुसती निघाली नाहीत, ती धो धो वाजली आणि खपली. मिक्श्चर्सचं 'इन द समरटाइम' 'गो-सेट' या पॉप साप्ताहिकाच्या राष्ट्रीय यादीत सहा आठवडे अव्वल राहिलं.

आज मंगो जेरीचं गाणं जगभर लागतं. मिक्श्चर्सची आवृत्ती मात्र मुद्दाम शोधल्याशिवाय कानावर पडत नाही. सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर असलेलं गाणं इतकं पुसलं कसं जातं? जुनं गाणं विसरलं गेलं की आपण सहज म्हणून टाकतो, तेवढं चांगलं नसेल. या प्रकरणात ते उत्तर टिकत नाही. इथं गाणी निर्माण होण्यामागे एक वाद होता, आणि ती पुसली जाण्यामागेही त्याच वादाचा हात होता. म्हणून हे प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे.

वाद कशाचा

ऑस्ट्रेलियाचा नवा कॉपीराइट कायदा १९६८ साली संमत झाला आणि १ मे १९६९ पासून लागू झाला. एखादं गाणं रेडिओवर वाजतं तेव्हा त्यात दोन वेगळ्या मालकांचा हक्क असतो. गाणं रचणाऱ्याचा एक, आणि त्याचं ध्वनिमुद्रण ज्यानं केलं त्या कंपनीचा दुसरा. आपल्याकडे हॉलमध्ये गाणी लावणाऱ्या आयोजकाला आयपीआरएस आणि पीपीएल अशा दोन संस्थांकडून परवाना घ्यावा लागतो, तो याच फरकामुळे. ऑस्ट्रेलियातली खासगी रेडिओ स्टेशनं रचनाकारांचे पैसे आप्रा या संस्थेमार्फत आधीपासून देत होती. रेकॉर्ड कंपन्यांना मात्र वेगळं काही मिळत नसे. रेडिओनं रेकॉर्ड वाजवावी, त्यानं ती खपावी आणि दोघांचंही भागावं, असा जुना व्यवहार होता.

नव्या कायद्याचा आधार घेऊन सहा मोठ्या कंपन्यांनी हा व्यवहार मोडला. आमच्या रेकॉर्डांवर तुम्ही जाहिराती विकता, तर आमचा वाटा द्या, अशी त्यांची मागणी होती. खासगी स्टेशनांच्या महासंघाचं म्हणणं नेमकं उलट होतं. आम्ही वाजवतो म्हणून तुमचा माल विकला जातो, ही फुकटची जाहिरात आहे, वर पैसे कसले मागता? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, म्हणूनच ते चिघळलं. कायद्यानं रेडिओची देणी त्याच्या एकूण उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या वर जाऊ नयेत अशी मर्यादा घालून ठेवली होती. म्हणजे जास्तीत जास्त एक टक्का. पण स्टेशनांना तो एक टक्काही तत्त्व म्हणून मान्य नव्हता. एकदा दार उघडलं की ते बंद होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वर्षभर बोलणी चालली आणि मे १९७० च्या मध्याला तुटली. खासगी स्टेशनांनी या सहा कंपन्यांच्या ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन रेकॉर्डा लावणं बंद केलं.

अमेरिकन रेकॉर्डा मात्र चालूच राहिल्या. अमेरिकेत रेडिओवर वाजलेल्या ध्वनिमुद्रणाचे पैसे रेकॉर्ड कंपनीला द्यावे लागत नव्हते (साध्या रेडिओपुरतं ते आजही तसंच आहे), त्यामुळे त्या रेकॉर्डांवर ऑस्ट्रेलियातही ही मागणी लागू होत नव्हती. सरकारी नभोवाणी एबीसीचा कंपन्यांशी स्वतंत्र करार होता, तिलाही झळ बसली नाही. पण तरुण पोरं पॉप ऐकायला खासगी स्टेशनंच लावत. एफएमवर खासगी स्टेशन यायला अजून दहा वर्षं होती. मध्यम लहरींवरची मूठभर शहरी स्टेशनं ठरवतील ते गाणं, असा तो काळ.

म्हणजे हवेत एक भोक पडलं. ब्रिटिश पॉप त्या काळी ऑस्ट्रेलियाचा रोजचा खुराक होता. तोच एकाएकी बंद झाला. रेकॉर्ड दुकानात मिळत होती, विक्रीवर काही बंदी नव्हती. पण जी कानावर पडत नाही ती विकत कोण घेणार?

इथं मराठी वाचकाला १९५२ ची आठवण होईल. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणी आणि चित्रपटनिर्माते यांच्यातला करार तुटला आणि हिंदी चित्रपटगीतं आकाशवाणीवरून दिसेनाशी झाली. तेव्हा श्रोत्यांनी सरळ रेडिओ सिलोन लावलं. वर्ष संपायच्या आत तिथं 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. दोन्हीकडचा मुख्य फरक भूगोलाचा आहे. आपल्याला शेजारी कोलंबो होतं, त्यामुळे मूळ गाणी वळसा घालून का होईना, पोचली. ऑस्ट्रेलियाला असा शेजार नव्हता. म्हणून तिथं गाणी नव्यानं बनवावी लागली.

मधली फट आणि रॉन टूडर

बंदी सहा कंपन्यांच्या रेकॉर्डांवर होती, गाण्यांवर नव्हती. गाणं रचनाकाराचं, त्याचे पैसे आप्रामार्फत रीतसर जात होतेच. तेव्हा त्या सहांपैकी नसलेल्या कुणी तेच गाणं नव्यानं ध्वनिमुद्रित केलं आणि रेडिओकडे पैसे मागितले नाहीत, तर स्टेशन ते खुशाल लावू शकत होतं. सगळ्या प्रकरणाची कळ या एका फटीत आहे.

ती फट सगळ्यात नेमकी वापरली मेलबर्नच्या रॉन टूडर यांनी. सीकर्स या मेलबर्नच्या गटानं सुरुवातीच्या रेकॉर्डा ज्या डब्ल्यू अँड जी कंपनीसाठी केल्या, तिथं टूडर यांची अनेक वर्षं गेली होती. धंद्याची नस त्यांना ठाऊक होती. १९७० च्या एप्रिलमध्ये, म्हणजे बंदीच्या तोंडावर, त्यांनी फेबल नावाचं स्वतःचं लेबल काढलं. मोठ्या कंपन्यांच्या संघटनेत फेबल नव्हतं, आणि आपल्या रेकॉर्डा वाजवल्याबद्दल स्टेशनांकडे ते काही मागत नव्हतं. स्टेशनांना ब्रिटिश गाणी हवी होती, आणि टूडर यांच्याकडे ती गाऊ शकणारी माणसं होती.

पुढं जे झालं त्याचा वेग बघण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये गाणं यादीत वर चढतंय हे कळलं की त्याची एक प्रत विमानानं मागवायची. कानानं ऐकून चाल, सूर, वाद्यमेळ उतरवून घ्यायचा. रात्री नाचाच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या गटाला दिवसा स्टुडिओत बसवायचं, गाणं मुद्रित करायचं, तबकडी छापून घ्यायची आणि मूळ गाण्याची चर्चा विरायच्या आत स्टेशनवर पोचवायची. ख्रिस्टीच्या एका गाण्याच्या दोन आवृत्त्या दोन शहरांतून निघतात, यावरून ही शर्यत किती अटीतटीची होती ते कळतं. जो आधी पोचेल त्याचं गाणं लागणार.

लिव्ह मेसेन हे याचं सगळ्यात झगझगीत उदाहरण. 'नॉक, नॉक हूज देअर?' हे युनायटेड किंग्डमचं त्या वर्षीचं युरोव्हिजनचं गाणं, स्पर्धेत दुसरं आलेलं. मेरी हॉपकिन बीटल्सच्या ॲपल लेबलची, आणि ॲपलच्या रेकॉर्डा सहा मोठ्या कंपन्यांपैकी एक असलेल्या ईएमआयमार्फत येत. म्हणजे मूळ रेकॉर्ड थेट बंदीच्या कात्रीत. मेसेनची आवृत्ती फेबलवर निघाली, देशभर गाजली आणि तिला गोल्ड रेकॉर्डचा मान मिळाला. तेव्हाच्या ऑस्ट्रेलियन पॉपमध्ये एकट्या गायिकेला इतकं यश सहजी मिळत नसे. नाव मोठं झालं ते अर्थातच तिच्या गळ्यामुळेही. पण बंदी नसती, तर तो गळा त्या गाण्याच्या जवळपासही फिरकला नसता.

इथं एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. त्या वेळी ऑस्ट्रेलियन रेडिओवर देशी संगीताचा कोटा होता. १९५६ पासून तो पाच टक्के होता, पण तो रचनाकारांचा कोटा होता, वाजवणाऱ्यांचा नव्हे. गाणं ऑस्ट्रेलियन माणसानं रचलेलं हवं, एवढीच अट. म्हणजे फेबलनं केलेली ब्रिटिश गाणी त्या कोट्यात बसतच नव्हती. स्टेशनांनी ती लावली ती गरजेपोटी. देशी कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांसाठी दहा टक्क्यांचा वेगळा नियम यायला १९७३ उजाडलं. त्या पाच महिन्यांत देशी आवाज हवेवर इतके ऐकू आले ते कुणाच्या धोरणामुळे नाही, एका भांडणाची ती आडपैदास होती.

ज्यांची स्वतःची गाणी अडकली

या प्रकरणाची दुसरी बाजू मला जास्त खुपते. तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. बंदी ब्रिटिश रेकॉर्डांवर होती तशी ऑस्ट्रेलियन रेकॉर्डांवरही होती. मोठ्या कंपनीशी करार असणं हे कालपर्यंत यशाचं लक्षण होतं. मे महिन्यात तोच करार गळ्यातली धोंड झाला.

आदल्या वर्षी, १९६९ मध्ये, रसेल मॉरिसचं 'द रियल थिंग' आलं होतं. जॉनी यंगनं रचलेलं, मॉली मेल्ड्रमनं निर्माण केलेलं, सहा मिनिटांहून लांब, स्टुडिओतल्या करामतींनी ठासून भरलेलं हे गाणं ईएमआयसाठी झालं होतं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. ऑस्ट्रेलियन गट आता ब्रिटिश गाण्यांची री ओढण्यापलीकडे गेलेत, हे त्या गाण्यानं सिद्ध केलं होतं. गाडी नुकती रुळावर येत होती.

अशा वेळी मास्टर्स अप्रेंटिसेसचं 'टर्न अप युअर रेडिओ' निघालं. जिम कीझ आणि डग फोर्ड यांची रचना. धारदार गिटार, घसा फोडून गायलेले शब्द, आणि नावातच रेडिओचा आवाज वाढवायची हाक. लेबल ईएमआयचं. म्हणजे ज्या रेडिओचा आवाज वाढवा म्हणून ते सांगत होतं, त्याच रेडिओनं त्याला दार बंद केलं. तरी गट इतका लोकप्रिय होता, आणि नाचाच्या हॉलांतून गाणं इतकं पोचलं होतं, की 'गो-सेट'च्या यादीत ते पहिल्या दहांत शिरलंच. रेडिओची साथ असती तर ते कुठवर गेलं असतं हे सांगता येणार नाही. पण बंदीच्या काळात तिथवर पोचलेलं गाणं किती ताकदीचं असेल, ते मात्र ऐकताना कळतं.

गाजलेल्या गटाचं निभावलं. नवख्यांचं काय? ज्या गटाची पहिलीवहिली रेकॉर्ड त्या पाच महिन्यांत मोठ्या कंपनीनं काढली असेल, तिला हवा मिळालीच नाही. पॉपमध्ये रेकॉर्डचं आयुष्य सहा-आठ आठवड्यांचं असतं. ते निघून गेलं की ऑक्टोबरमध्ये स्टेशन उघडलं काय आणि नाही काय. कंपनी पुढच्या गटाकडे वळते, गट फुटतो, तबकडी गोदामात जाते. ऑस्ट्रेलियन रॉकमधल्या दुर्मीळ रेकॉर्डा म्हणून जे आज चढ्या भावानं विकलं जातं, त्यातला १९७० चा काही माल दुर्मीळ आहे तो यासाठी, की तो वेळेवर कुणी ऐकलाच नाही आणि म्हणून घेतलाही नाही.

काही निवेदक बंदी झुगारून आपल्याला आवडेल ते लावत राहिले. मेलबर्नच्या स्टॅन रोफ यांचं नाव त्यात आवर्जून घेतलं जातं. पन्नासच्या दशकापासून देशी रॉकची पाठराखण करणारा हा माणूस. जॉनी ओ'कीफला 'शाउट' गा म्हणून सुचवणारेही तेच. त्यांच्यासारखा एखादा माणूस खिडकी उघडी ठेवतो, पण खिडकीतून सगळ्या देशाला वारा मिळत नाही.

कान देऊन ऐकलं तर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फेबलच्या या उसन्या गाण्यांत दम होता का?

'इन द समरटाइम' घ्या. वरवर फार सोपं गाणं. पण मंगो जेरीच्या मूळ ध्वनिमुद्रणाची खरी गंमत स्वरांत नाही. ती तोंडानं काढलेल्या फुत्काराच्या तालात आहे, जग या भांड्याच्या तोंडात फुंकून काढलेल्या घुमाऱ्यात आहे, आणि मध्येच येणाऱ्या गाडीच्या आवाजात आहे. गाडी निघून जाते आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. नोटेशनवर यातलं काहीच उतरत नाही. हे गाणं करणाऱ्या गटाला चाल उचलून भागत नाही, तो ढिला, सुट्टीतला, अंग सैल सोडलेला डौल अंगात आणावा लागतो. नाचाच्या हॉलमध्ये रात्रीमागून रात्री इतरांची गाणी वाजवणाऱ्या गटाला हे जमतं, कारण लोकांचे पाय हलते ठेवणं हाच त्यांचा रोजचा धंदा असतो. मिक्श्चर्स १९६५ पासून मेलबर्नमध्ये हेच करत होते.

याचा पुरावा पुढच्याच गाण्यात आहे. १९७० संपता संपता मिक्श्चर्सनी 'द पुशबाइक साँग' काढलं. इड्रिस आणि इव्हन जोन्स यांची रचना, म्हणजे आता गाणं घरचं. ते मंगो जेरीच्या पाठोपाठ ऐका. इथंही ताल श्वासाच्या फुत्कारावर चालतो. इथंही वाहन आहे, फक्त मोटारीच्या जागी सायकल. तोच सैल, हसरा डौल. पण हा फुत्कार आता सायकल मारणाऱ्याच्या धापेचा आहे. जी युक्ती उसनी घेऊन गिरवली, तिला त्यांनी स्वतःचं कारण दिलं. गिरवता गिरवता हात बसतो, तो असा. ते गाणं ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि १९७१ च्या सुरुवातीला थेट ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. ज्या देशाचं गाणं उचललं होतं, त्याच देशाला बदल्यात दुसरं देऊन आले.

माझं ठाम मत आहे, की 'इन द समरटाइम'ची ती आवृत्ती नसती तर 'पुशबाइक साँग' झालं नसतं. नकलेला कमी लेखणाऱ्यांनी ही दोन गाणी एकापाठोपाठ ऐकावीत.

मग विसरलं का गेलं

त्याच वर्षी, त्याच फेबल लेबलवर, जॉन विल्यमसन नावाच्या शेतकरी घरातल्या तरुणाचं 'ओल्ड मॅन इमू' निघालं. 'न्यू फेसेस' या टीव्हीवरच्या नवोदितांच्या कार्यक्रमात तो जिंकला होता. इमूला उडता येत नाही, पण पळण्यात तो कांगारूलाही भारी, असं खट्याळ गाणं, रचनाही त्याचीच. तेही जोरात चाललं. पुढं विल्यमसन देशभर पोचलेला कंट्री गायक झाला आणि 'ओल्ड मॅन इमू' आजही ऑस्ट्रेलियन पोरांना शाळेत ऐकायला मिळतं. हान्स पोल्सनचं 'बूम शा ला ला लो'ही त्याच वर्षीचं, त्याच लेबलचं, त्याचा स्वतःचा हात असलेलं गाणं. त्याला विल्यमसनच्या गाण्याइतकं आयुष्य लाभलं नाही, पण जिथं कुठं ते आठवलं जातं तिथं पोल्सनचं म्हणूनच आठवलं जातं.

लेबल एकच, वर्ष एकच, स्टेशनं तीच, बंदीनं मोकळी करून दिलेली जागाही तीच. तरी 'ओल्ड मॅन इमू' आणि 'पुशबाइक साँग' राहिली, 'यलो रिव्हर' आणि 'नॉक, नॉक' गेली. वाजवण्या-गाण्यातल्या गुणवत्तेनं हा फरक उलगडत नाही. तो पडला ऑक्टोबरमध्ये, बंदी उठली त्या दिवशी.

मूळ रेकॉर्ड परत आली की बदली रेकॉर्डचं काम संपतं. ख्रिस्टी परत हवेवर आल्यावर स्टेशनला ऑटम किंवा जिगसॉ लावायचं कारण उरलं नाही. पुढं दशकं गेली, जुन्या गाण्यांचे कार्यक्रम सुरू झाले, संकलनं निघाली. १९७० चं 'यलो रिव्हर' घ्यायचं ठरलं की निवडणारा माणूस ख्रिस्टीचंच घेणार, कारण जगभर तेच ओळखीचं. ऑस्ट्रेलियातल्या ज्या पोरांनी ते गाणं पहिल्यांदा ऑस्ट्रेलियन आवाजात ऐकलं, त्यांच्याही आठवणीवर वीस-तीस वर्षांत मूळ आवाज चढत गेला. माणसाची आठवण रेडिओसारखीच असते, जे जास्त वेळा लागतं तेच खरं वाटायला लागतं. 'ओल्ड मॅन इमू'ला मात्र दुसरं मूळ नव्हतं, ते काढून टाकायला जागाच नव्हती.

म्हणून या एका बंदीतून दोन वेगळ्या तऱ्हेची विसरलेली गाणी तयार झाली, असं मला दिसतं. एक तऱ्हा उसन्या गाण्यांची, जी खूप ऐकली गेली आणि नंतर झाकली गेली. दुसरी मोठ्या कंपन्यांकडच्या देशी गाण्यांची, जी वेळेवर ऐकलीच गेली नाहीत. संग्राहक दुसऱ्या तऱ्हेमागे धावतात, कारण प्रती कमी आणि भाव जास्त. पहिल्या तऱ्हेला बाजारात किंमत नाही, खपल्यामुळे प्रती भरपूर आहेत आणि कव्हर म्हणून मानही नाही. त्यामुळे ती टाकून देण्याचा धोका जास्त. दुर्मीळ रेकॉर्ड कपाटात जपली जाते, कधीकाळी घराघरात असलेली रेकॉर्ड रद्दीत जाते.

ऑक्टोबरनंतर

ऑक्टोबर १९७० मध्ये बंदी उठली आणि रेडिओ पूर्वीसारखा सुरू झाला. पण फेबलनं एक गोष्ट करून दाखवली होती: मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय, मेलबर्नमध्ये बसून, देशभर गाजणारी रेकॉर्ड काढता येते. रॉबी पोर्टरच्या स्पारमॅक या छोट्या लेबलवर १९७१ साली डॅडी कूलचं 'ईगल रॉक' आलं. ऑस्ट्रेलियन रॉकची चर्चा आज त्या गाण्याशिवाय होत नाही. १९७२ मध्ये टूडर यांनी ब्रायन कॅडला बरोबर घेऊन बूटलेग हे आणखी एक लेबल काढलं. कॅड हा ॲक्सिअम गटाचा, ज्याचा 'फूल्स गोल्ड' हा अल्बम ईएमआयच्या घरातून १९७० मध्येच आला होता. ग्लेन शॉरॉकसारखा गायक, ऑस्ट्रेलियन मातीतल्या गोष्टी सांगणारी गाणी, आणि साल नेमकं बंदीचं. मोठ्या कंपनीकडून आलेला माणूस छोट्या लेबलचा मुख्य निर्माता होतो, यात त्या वर्षानं शिकवलेलं बरंच काही आहे.

मूळ वादाचा निकाल मात्र आजतागायत लागलेला नाही. रेडिओनं रेकॉर्ड कंपन्यांना द्यायच्या रकमेवरची एक टक्क्याची मर्यादा कायद्यात अजून तशीच आहे. एबीसीसाठी तर दर डोई अर्धा सेंट अशी मर्यादा आहे. रेकॉर्ड कंपन्या आणि कलाकारांसाठी वसुली करणाऱ्या पीपीसीएनं ही मर्यादा घटनाबाह्य ठरवावी म्हणून ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, दाद मागितली. २०१२ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. १९७० मध्ये ज्यावरून अख्ख्या देशाचं पॉप बंद पडलं, तो आकडा पन्नास वर्षांहून जास्त काळ जागचा हललेला नाही.

जतनाची स्थिती त्याहून काळजीची आहे. ऑस्ट्रेलियात छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात देणं कायद्यानं बंधनकारक आहे. ध्वनिमुद्रणाला ते बंधन नाही. कॅनबेरातलं राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालय स्वतंत्र संस्था म्हणून उभं राहिलं तेच मुळी १९८४ मध्ये, म्हणजे या रेकॉर्डा निघून चौदा वर्षं झाल्यावर. मधल्या काळात काय टिकलं, काय गेलं, हे त्या त्या लेबलच्या गोदामावर आणि एखाद्या माणसाच्या चिकाटीवर अवलंबून राहिलं. १९७९ मध्ये सुरू झालेल्या रेव्हन रेकॉर्ड्सनं आणि ग्लेन ए. बेकर यांच्यासारख्या संकलकांनी साठच्या दशकातलं बरंच ऑस्ट्रेलियन रॉक नव्यानं छापून वाचवलं. १९७० च्या बदली गाण्यांवर इतकं प्रेम कुणी केलं नाही.

आणि आता ती स्वतःहून कुणी छापूही शकत नाही. २००५ पासून ऑस्ट्रेलियात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर सत्तर वर्षं चालतो. १९७० मध्ये निघालेली ही गाणी २०४० संपेपर्यंत हक्काखाली आहेत. तोवर मूळ टेप किती राहतील याची हमी कोण देणार? ज्यांच्याकडे आज हे हक्क आहेत त्यांनी मे ते ऑक्टोबरमधली ही सगळी ध्वनिमुद्रणं, ऑटम आणि जिगसॉचं 'यलो रिव्हर' शेजारी शेजारी ठेवून, एकत्र प्रकाशित करायला हवीत. सोबत कुणी काय वाजवलं, कुठल्या स्टुडिओत, कुठल्या तारखेला, हे सगळं छापून. त्या गटांतली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना विचारून लिहून घ्यायचं असेल तर ते याच काही वर्षांत व्हायला हवं.